हरणं किती झालीत?

डिसेंबर २०२२ मधली सकाळ. फजरची नमाज पढून मी नुकताच चहाला बसलो होतो, तेवढ्यात शेतावरून भाईजानचा फोन आला. "रातकू हिरनां पड़े थे रे. आधा चना सफाचट."

मी विचारलं, "कित्ते थे?"

"होंगे सौ-सवासौ."

शाळेला जायच्या आधी मी गाडी काढली आणि शेत गाठलं. आमची वडिलोपार्जित तीन एकर जमीन जळकोटच्या शिवारात आहे. बालाघाटच्या उतारावरची, मुरमाड, वरच्या बाजूला हलकी आणि खाली ओढ्याकडे जरा बरी. ती भाईजान कसतात. मी मास्तर माणूस, सुट्टीच्या दिवशी बांधावर उभा राहून सल्ले देणारा. त्या सकाळी बांधावर उभं राहायलाही जीव धजेना. हरभरा वीतभर वाढला होता. त्याचे शेंडे माणसानं खुडले तर चांगलं असतं, झाडाला फुटवे येतात आणि घरात भाजी होते. पण कळपानं खुडलं की शेंड्यावर भागत नाही. खाली नुसते खुंट उरले होते. ओल्या मातीत दोन टोकांचे खूर उमटले होते आणि सरीत लेंड्या पडल्या होत्या. पेरणीला भाईजाननी कृषी दुकानातून उधारीवर बियाणं आणलं होतं. ती उधारी हरभऱ्याच्या पैशातून फिटायची होती.

शेजारच्या बांधावरून नाना आले. त्यांचाही हरभरा गेला होता. म्हणाले, "सर, लई झालीत हरणं. सरकारनं गोळ्या घालायची परवानगी द्याया पायजे. आपण जगावं का ह्यांनी?"

मी म्हणालो, "खरंय नाना. फारच वाढलीत."

हे वाक्य मी किती सहज बोललो होतो, ते पुढे मला बऱ्याचदा आठवलं. म्हणून आज हे लिहायला घेतलंय.

अब्बा हयात असते तर ते नानांना वेगळं काही बोलले असते. ते अंगठाबहाद्दर होते, पण मशिदीत ऐकलेली एक गोष्ट त्यांनी आयुष्यभर जपली. मुसलमानानं झाड लावलं किंवा पेरणी केली आणि त्यातलं माणसानं, पाखरानं किंवा जनावरानं खाल्लं, तर ते त्याच्या खात्यात सदका म्हणून लिहिलं जातं, अशा अर्थाची एक हदीस आहे. सहीह बुखारीत ती येते. ज्वारी हुरड्यात आली आणि पाखरांचे थवे उतरले की अब्बा गोफण फिरवायचे खरे, पण दोन-चार कणसं गेली तर म्हणायचे, "जाने दो, सदका है." लहानपणी मला ते फार मोठ्या मनाचं वाटायचं. त्या सकाळी मात्र वाटलं, सदका दोन-चार कणसांचा होतो. तीन एकरांपैकी दीड एकराचा सदका कर्जदार माणसानं कसा करायचा?

आम्ही भरपाईच्या मागे लागलो. वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर सरकार नुकसानभरपाई देतं. त्यासाठी ठरलेल्या मुदतीत अर्ज करावा लागतो आणि मग पंचनामा होतो. भाईजान दोन दिवस उरलेला हरभरा राखण्यात गुंतले, तिसऱ्या दिवशी बाजार होता, आणि मी रजा काढून कार्यालयात पोचलो तोवर मुदत उलटून गेली होती. तिथल्या साहेबांनी अर्ज परत करता करता सहज विचारलं, "किती हरणं होती?"

भाईजान म्हणाले, "दीडशे तर असतीलच."

"मोजली होती का?"

आम्ही दोघं भाऊ एकमेकांकडे पाहत राहिलो. फोनवर सौ-सवासौ होती, कार्यालयात दीडशे झाली. चहाच्या टपरीवर नानांच्या तोंडी ती दोनशे होती. खरं तर भाईजाननी पहाटेच्या धुक्यात पाठमोरा पळणारा कळप पाहिला होता, तेवढंच. मोजली कुणीच नव्हती.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो आणि गरज पडली तर उर्दूचेही तास घेतो. बी.एड. करताना आम्हाला सांगितलं होतं की मुलांना परिसरातून शिकवा. वीस वर्षं मी ते फक्त पाठ टाचणात लिहीत आलो. पण २०२३ च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी सहावी-सातवीच्या मुलांना एक दोनशेपानी वही दिली आणि सांगितलं, ज्याला जिथं हरणं दिसतील त्यानं इथं लिहायचं. तारीख, वेळ, कोणाचं शिवार, कोणतं पीक आणि किती. अंदाजानं नाही, मोजून. मोजता आली नाहीत तर तसं लिहायचं. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांची घरं शेतीवर किंवा शेतमजुरीवर चालतात, आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून मुलं येतात. मुलांनी एक गंमत केली. ज्यांना उर्दूत लिहायचं होतं त्यांनी वही उजवीकडून सुरू केली, ज्यांना मराठीत लिहायचं होतं त्यांनी डावीकडून. वही एकच.

पहिला तास गेला तो नावांत. आपण सगळ्यांना हरीण म्हणतो, पण चितळ, सांबर हे वेगळं घराणं आहे. त्यांची शिंगं भरीव असतात, फांद्यांसारखी फुटतात, दरवर्षी गळतात आणि नवी येतात. आपल्या माळावर दिसतं ते काळवीट. ते कुरंग जातीचं. त्याची शिंगं आतून पोकळ असतात, पिळदार वाढत जातात आणि एकदा मोडली तर पुन्हा येत नाहीत. शिंगं नरालाच असतात, मादीला नसतात. नर वयानुसार गडद होत जातो, मादी आणि पाडस पिवळसर तपकिरी राहतात. रोही, म्हणजे नीलगाय, ही नावानं गाय असली तरी तीही कुरंगाच्याच कुळातली. एका मुलीनं विचारलं, "सर, उर्दूतला ग़ज़ाल कोणता?" मी म्हणालो, तो चिंकाऱ्याच्या जातीचा, वाळवंटातला. शायर लोक माशुकेचे डोळे ज्याच्या डोळ्यांसारखे म्हणतात तो. ग़ज़ल आणि ग़ज़ाल ही दोन्ही एकाच तीन अक्षरांची लेकरं, ग़ैन, ज़े आणि लाम. मुलांना फार आनंद झाला. एक जण म्हणाला, "म्हणजे अब्बाच्या शेतात ग़ज़ल चरते!" त्याच्या अब्बाला ही ग़ज़ल ऐकवायची माझी हिंमत झाली नसती.

जून सरता सरता सोयाबीन उगवलं आणि नोंदी सुरू झाल्या. सात, नऊ, पाच, अकरा. दुपानी सोयाबीन म्हणजे काळविटांची मेजवानी. मग पाऊस लांबला. त्या वर्षीचा ऑगस्ट किती कोरडा गेला ते मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा. माळ हिरवे झाले होते ते पुन्हा पिवळे पडू लागले आणि वहीत हरणं शेतांत दिसू लागली. सप्टेंबरात पाऊस आला, माळावर गवत उठलं, आणि वहीतले आकडे लहान झाले. दोन, तीन, एक, चार. कुठं एकटा गडद नर मान ताठ करून, शेपटी वळवून आपल्या लेंड्यांच्या ढिगाजवळ उभा. तो त्याचा इलाका. पावसाळ्याच्या अखेरीस त्यांचा माजाचा काळ असतो, तेव्हा नर जागा धरून बसतात आणि माद्यांच्या टोळ्या त्यांच्या इलाक्यातून फिरतात. ऑक्टोबरात एका मुलानं तर लिहिलं, "हरणं संपली."

संपली नव्हती. सगळीकडे गवत होतं, म्हणून सगळीकडे विखुरली होती.

नोव्हेंबरात माळ वाळले. सोयाबीन निघून गेलं होतं, राने मोकळी झाली होती. हिरवं म्हणून जे काही उरलं ते हरभऱ्यात. आणि वहीचे आकडे एकदम फुगले. चाळीस, त्रेचाळीस, अडतीस, पंचेचाळीस. रोज कुणाच्या ना कुणाच्या शिवारात. डिसेंबरातल्या सगळ्या नोंदींची मी बेरीज केली तर ती तीनशेच्या पुढे गेली. मला क्षणभर वाटलं, नाना कमीच सांगत होते.

याच दिवसांत एक प्रसंग घडला. मुलांना लिहायला लावायचं आणि आपण घरी बसायचं बरं नव्हे म्हणून मी रविवारी पहाटे फजर पढून माळाकडे जायचो. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी, डोक्याला गुंडाळलेला रुमाल, आणि दाढी तर आहेच. एका पहाटे जागलीला बसलेल्या तिघांनी मला अडवलं. "कोण रं त्यो? काय करायलास इथं? पिशवीत काय हाय?" त्यांचा आवाज साधा नव्हता. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. पहाटे अंधारात माळावर पिशवी घेऊन फिरणारा दाढीवाला माणूस त्यांना काय वाटला असेल, ते मला कळत होतं. अलीकडच्या दिवसांत अशा क्षणी पोटात जो गोळा येतो, तोही माझ्या वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. मी पिशवीतून वही काढून टॉर्चच्या उजेडात धरली. एकानं डावीकडून उघडली, वाचली आणि म्हणाला, "आरं, हे तर आमच्या पोराचं सर हायेत." मग शेकोटीजवळ बसवलं, चहा दिला. हसत हसत पडद्यावरच्या एका नटाचं नाव घेऊन चेष्टाही झाली. मीही हसलो. पण घरी येताना विचार करत राहिलो की वही उजवीकडून उघडली असती तर?

त्याच चहावर मला वहीची किल्ली सापडली. तिघांपैकी एक जण म्हणाला, "सर, आमच्याकडच्या कळपात एकशिंग्या हाय. एक शिंग बुडातनं मोडलेलं." मी वही चाळली. चार दिवसांपूर्वी दुसऱ्याच शिवारातल्या एका मुलीनं त्रेचाळीसच्या नोंदीपुढे उर्दूत लिहिलं होतं, 'एक नर, एक सींग.' सोमवारी वर्गात विचारलं, तर आणखी दोन शिवारांतल्या मुलांनी हात वर केले. त्यांनीही तो पाहिला होता, फक्त लिहिला नव्हता. काळविटाचं मोडलेलं शिंग परत येत नाही, आणि बुडातून एकच शिंग मोडलेले चार नर चार शिवारांत असणं जवळजवळ अशक्य. म्हणजे एकशिंग्या एकच होता, आणि त्याच्याबरोबरचा कळपही एकच. तो आज इथं, परवा तिथं चरत होता. प्रत्येक शेतकऱ्यानं तो आपल्या शेतात पाहिला, प्रत्येकानं आपापला धरला, आणि चहाच्या टपरीवर सगळ्यांची बेरीज झाली.

मग आम्ही एक सोपी गोष्ट केली. जानेवारी २०२४ मधल्या एका रविवारी, सूर्य उगवल्यावर एकाच अर्ध्या तासात, अकरा मुलांनी घरच्या मोठ्या माणसांबरोबर आपापल्या शिवारात उभं राहून मोजायचं. सगळ्यांनी एकाच वेळी. एकूण आकडा निघाला एकसष्ट. झाडीत काही सुटली असतील, हे काही शास्त्रज्ञांचं काम नव्हे. तरी तीनशे कुठं आणि एकसष्ट कुठं.

एकसष्ट हा आकडा मी फळ्यावर लिहिला आणि तिथंच थांबलो. 'लई झालीत' हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय, पण हरणांबद्दल नाही.

जुम्म्याच्या दुपारी मशिदीत जागा पुरत नाही. पायऱ्यांवर, बाहेर चटया अंथरल्या जातात. ईदला तर ईदगाहपासून रस्त्यापर्यंत सफा लागतात. त्या अर्ध्या तासात तिथून जाणारा एखादा भला माणूस मनाशी म्हणतो, "लई वाढलेत हे लोक." तो खोटं बोलत नाही, त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण तो आम्हाला एकत्र पाहतो तो आठवड्यातला तेवढाच अर्धा तास. एरवी तीच माणसं गॅरेजात, केळीच्या गाड्यावर, गवंड्याच्या हाताखाली, शेतात, शाळेत विखुरलेली असतात, तेव्हा त्यांना कुणी मोजत नाही. पुढच्या जुम्म्याला पुन्हा तीच माणसं दिसतात, आणि बेरजेत पुन्हा धरली जातात. जनगणनेचे आकडे उघडे असतात, पण ते कोण बघतो? माणसांची तुलना जनावरांशी करू नये, हे मला कळतं. मी तुलना करतोय ती मोजणाऱ्याची. त्यात मी स्वतःही आलो. जे वाक्य माझ्याबद्दल ऐकून मला आयुष्यभर डाचलं, तेच मी नानांच्या बांधावर उभं राहून, त्याच सुरात, न मोजता बोललो होतो.

मार्चमध्ये रमजान लागला. सहरीसाठी उठायचंच, म्हणून फजरनंतरची माझी फेरी रोज होऊ लागली. हरभरा निघाला होता, राने उघडी पडली होती. कळप फुटला. चार-पाचच्या टोळ्या ओढ्याच्या कडेला, वेड्या बाभळींच्या खाली, शेंगा वेचताना दिसायच्या. पोटाशी नवी पाडसं होती. काळविटाची मादी साधारण सहा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच पाडस देते, रानडुकरासारखी पिलावळ नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी आटलं आणि सगळी पुन्हा पाण्याभोवती गोळा झाली. म्हणूनच आपल्याकडच्या अभयारण्यांत वनविभाग बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून प्राणी मोजतो. उन्हाळ्यात पाण्यावर यावंच लागतं आणि चांदण्यात दिसतं. २३ मे २०२४ च्या त्या पौर्णिमेला मी आणि भाईजान आमच्या विहिरीच्या हौदापासून लांब, बाजेवर बसलो होतो. रात्रभरात बावीस आली. एकशिंग्या पहाटे आला, एकटाच. भाईजान हळूच म्हणाले, "अब इत्तेच है क्या?" मी म्हणालो, "इत्तेच नहीं, यहाँ इत्ते."

वर्षभराच्या वहीनं आम्हाला एवढंच शिकवलं. कधी आणि कुठं मोजलं हे सांगितल्याशिवाय 'किती' या प्रश्नाला अर्थ नाही.

आता नानांची बाजू. ती खोटी नाही. काळवीट खरोखर वाढलंय, पण कशाच्या तुलनेत? निजामाच्या राज्यात आणि त्यानंतर जीप आणि बंदूक आली तेव्हा देशभर काळविटांचा फडशा पडला. १९७२ च्या कायद्यानं शिकार थांबली आणि ते सावरलं. २०१७ मध्ये आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत ते धोक्याबाहेरच्या गटात गेलं. नगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीला १९८० मध्ये खास काळविटांसाठी अभयारण्य झालं. त्याचं क्षेत्र किती? सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही. त्याला कुंपण घातलं तरी काळवीट आत किती दिवस राहील? सोलापूरकडे नान्नजला १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. तिथं माळढोक दिसेनासा होत गेला आणि काळवीट टिकलं, कारण माळढोकाला माळच लागतो आणि काळविटाला शेतही चालतं.

आणि शेत त्याला आवडेल असं आपणच केलंय. अब्बांच्या काळात आमच्या रानात ज्वारी असायची. खरिपातही ज्वारी, रब्बीतही. पुरुषभर उंच ज्वारीत काळवीट सहसा शिरत नाही. ते डोळ्यांच्या भरवशावर जगणारं जनावर आहे, चारी बाजूंना लांबवर दिसलं पाहिजे, संकट दिसलं की पळायचं. सोयाबीन आणि हरभरा गुडघ्याएवढा, मोकळा आणि हिरवा. त्याच्या दृष्टीनं हा माळच, फक्त जास्त चविष्ट. खरा माळ मात्र आटत गेला. गायरानातला काही भाग भूमिहीनांनी पोटासाठी कसायला घेतला, तो त्यांचा हक्क. पण बाकीचा खडी क्रशर, प्लॉटिंग आणि वेड्या बाभळीनं गिळला. पाडसं उचलणारा लांडगाही विरळ झाला. आणि काळवीट ज्याच्यापासून पळायला शिकलं तो चित्ता तर १९५२ मध्ये देशातून नामशेष झाल्याचं सरकारनंच जाहीर केलं. मुघल दरबारात आणि पुढे आपल्या कोल्हापूर संस्थानातही चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटाची शिकार करवत. १७ सप्टेंबर २०२२ ला, आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशात कुनोला सोडले. त्या दिवशी शाळेत झेंडावंदन करून आम्ही टीव्हीवर ते पाहिलं होतं. नाना मला म्हणाले होते, "दोन आमच्याकडं बी धाडा म्हणावं."

शिकाऱ्यांत शिकारी म्हणजे बादशहा जहांगीर. त्याच्याकडे मन्सराज नावाचं एक पाळलेलं काळवीट होतं. ते मेल्यावर त्यानं लाहोरजवळ, आजच्या शेखूपुऱ्यात, त्याची कबर बांधली. तिथंच पुढे हिरन मिनार उभा राहिला. आपल्या रोजनिशीत जहांगीर लिहितो की या माळावरच्या हरणांची शिकार कुणी करू नये, त्यांचं मांस हिंदूंना गाईसारखं आणि मुसलमानांना डुकरासारखं समजावं. बादशहाचा हुकूम सोपा होता. त्या माळावर त्याचा हरभरा नव्हता. आज कायदा करणाऱ्यांचाही नाही. काळवीट वाचलं पाहिजे असं मलाही मनापासून वाटतं, पण ते वाचवायचा खर्च तीन एकरवाल्यानं एकट्यानं का उचलायचा? तो सगळ्या देशाचा ठेवा आहे, तर जागल, झटका मशीन आणि बुडालेली उधारी हेही देशाच्या खात्यात लिहा. भरपाईच्या मुदतीत बाजाराचा दिवस आणि राखणीच्या रात्री धरा. अब्बांचा सदका मला आता असा समजतो. जनावरानं खाल्लेल्याचं पुण्य अल्लाह लिहील, तो त्याचा कारभार. पण शेजाऱ्याच्या रानात नुकसान झालेलं पाहून जे माणसं करतात ते माणसांच्या वहीत लिहायचं असतं.

वहीचा एक साधा उपयोगही झाला. नोव्हेंबर ते जानेवारी हे तीन महिने धोक्याचे, हे कळल्यावर भाईजाननी २०२४ च्या रब्बीत हरभऱ्याच्या चारी बाजूंनी करडईचे पाच-पाच तास पेरले. यात नवं काही नाही. अब्बाही पेरायचे, सगळा मराठवाडा पेरायचा. सोयाबीन आलं तसा आम्ही करडईला विसरलो. करडई मोठी झाली की काटे असे धरते की जनावर तोंड घालत नाही. कोवळी असते तेव्हा मात्र हरणं तीही खातात, म्हणून पहिला महिनाभर जागल करावीच लागते. आम्ही, नाना आणि त्या रात्री मला अडवणारे तिघे, अशा पाच घरांनी जागलीच्या पाळ्या लावल्या. कळप कुठल्या शिवारात आहे ते मुलं सांगायची, त्याप्रमाणे त्या रात्री तिथं दोन माणसं जास्त. फटाके नाहीत, टॉर्च आणि आरोळ्या पुरल्या. घरातल्या जुन्या साड्याही बांधावर लागल्या, अम्मीची हिरवी आणि नानींची जांभळी. थोडं नुकसान झालं. दीड एकराचं झालं नाही.

माझ्या पाळीच्या एका रात्री नाना बरोबर होते. थंडी मी म्हणत होती. ओढ्यापलीकडे टॉर्च मारला तर डोळ्यांच्या जोड्या चमकल्या. नाना सवयीनं म्हणाले, "बघा, शंभर असतील."

मग स्वतःच थांबले. माझ्या हातातला टॉर्च घेतला, बांधावर चढले आणि बोट धरून मोजायला लागले.

"एक, दोन, तीन…"

चौतीस भरली.